गोडं पाणी

गोदूबाईला पाणी देता येत नव्हतं, असं कुणी म्हणालं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. तिला एकच पाणी देता येत होतं, आणि तेवढ्यानं तिनं स्वतःच्या पोरीला बुडवलं.

पनवेलच्या बाहेर एका खासगी भात संशोधन केंद्रात ती रोजावर होती. खाडीकाठची आगरी बाई. नवरा होता तोवर भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या खाजणाला लागून शेत होतं. उधाणात बांध फुटून खांड पडली की खारं पाणी शेतात शिरायचं. मग पावसाचं पाणी कोंडायचं, मुरू द्यायचं, मिठासकट खाडीत सोडायचं, पुन्हा कोंडायचं. याला ती माणसं जमीन गोडी करणं म्हणतात. त्या शेतावर आता कंटेनर उभे असतात. शेत गेलं तरी हातांची खोड गेली नाही.

तिची मुलगी रंजिता त्याच केंद्रात पीएच.डी. करत होती. आई शेडनेटमध्ये कुंड्या उचलते आणि आपण पांढरा कोट घालतो, याची तिला लाज वाटत होती, उगाच कशाला लपवा. पण परक्या माणसावर विश्वास नव्हता, म्हणून तिनं आपल्या कुंड्या आईच्याच ताब्यात दिल्या.

प्रयोग असा होता. भाताच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा घड्या घालून कोंबलेला असतो. त्यावर जागोजागी मेथिल नावाचे बारीक रासायनिक ठिपके चिकटतात. कुठलं जनुक बोलायचं, कुठलं गप्प बसायचं, हे पुष्कळदा त्या ठिपक्यांवर ठरतं. धाग्यात उड्या मारणारे उनाड तुकडेही पुष्कळ, त्यांनाही हेच ठिपके दाबून ठेवतात. खारं पाणी सोसलेल्या रोपात ठिपक्यांच्या जागा बदलतात, आणि त्यातले काही बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतात का, हे रंजिताला बघायचं होतं. दोन पिढ्या तिनं खाऱ्यात काढल्या होत्या. तिसरीवर सगळं अडलं होतं.

"आये, निल्या कुंड्यांना निल्या पिंपातलाच पानी द्यायचा," तिनं बजावलं.

"त्यात मीठ हाय."

"म्हनूनच."

"मरतील गो."

"मरू दे. वाचतील त्यांचाच बी मना पायजे."

गोदूबाईनं मान डोलावली. काही दिवस पिंपातलं पाणी घातलंही. मग पानांची टोकं करपायला लागली आणि तिला अन्न गोड लागेना. एका दुपारी रंजिता जेवायला गेल्यावर तिनं नळाचं पाणी कुंड्यांत काठोकाठ भरलं, मुरू दिलं, खालचं बूच काढून मीठ वाहून जाऊ दिलं, परत भरलं. सकाळी मुलीदेखत खारं घालायचं, दुपारी तिच्या माघारी गोडं करायचं. हे तिनं रोज केलं. कुणाशी कपट करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. भात मरताना बघत बसणारी माणसं तिच्या कुळात नव्हती.

रोपं तरारली. रंजिता तर हरखून गेली. तिसरी पिढी खारं सोसायला शिकली, असं ती केंद्रभर सांगत सुटली. सत्यवती मॅडम तिच्या मार्गदर्शक, त्यांनी ते वर कळवूनही टाकलं. मग पानांच्या डीएनएचा निकाल आला. निळ्या कुंडीतलं भात आणि साध्या कुंडीतलं भात, दोन्हींचे ठिपके अगदी सारखे. जणू मीठ त्या रोपांना शिवलंच नव्हतं.

मॅडम रंजिताला घेऊन तडक शेडनेटमध्ये आल्या.

"बाई, या कुंड्यांना पाणी कुठलं देता?"

एवढ्या मोठ्या मॅडम हिरव्यागार कुंड्यांपाशी येऊन विचारतात, म्हणजे शाबासकीच, असं गोदूबाईला वाटलं. आणि शाबासकी आपण घ्यायची, पोर शेजारी उभी असताना? छे.

"गोडा," ती म्हणाली. "पोरीनंच सांगितला तसा. तिचा लय जीव हाय या भातावर."

"आये, मी कवा सांगितला?"

"आता लाजतंस कशाला?" गोदूबाई हसत म्हणाली.

त्या हसण्याची मला आजही चीड येते.

आकडे मिळवण्यासाठी फसवाफसवी, असा ठपका ठेवून रंजिताला काढलं. आपण काय बोललो ते गोदूबाईला समजलं तेव्हा ती मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिली. "मी खोटा बोलली, पोरीला काय ठाव नव्हता."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आई दुसरं काय सांगणार?" आणि दार लोटून घेतलं.

रंजिता आता बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात खोक्यांवरची लेबलं तपासते. गोदूबाईला मात्र केंद्रानं ठेवलं. रोपं जगवणारा असा हात पुन्हा मिळायचा नाही, असं मॅडमच म्हणाल्या. रंजिताचं उरलेलं बियाणं प्रणित नावाच्या नव्या मुलाला दिलं. त्याच्या निळ्या कुंड्यांना गोदूबाई खारंच पाणी घालते. टोकं करपतात, रोपं माना टाकतात, तिचा हात थांबत नाही. प्रणितचे ठिपके हवे तसे आले. त्यानं तिला पेढ्यांचा पुडा दिला, आणि या बाईनं तो घरी आणला.

रंजिता कामावरून येऊन चपला काढत होती. घरात ती कामापुरतंच बोलायची.

गोदूबाईनं पुडा तिच्यापुढे धरला. मग म्हणाली, "बाय, त्या भाताला खारा पानी आठवतंय म्हनतंस. मग कोनी गोडा घातला तर त्यो पन आठवत असंल ना?"

"नाय," रंजिता म्हणाली. "त्याची निशानी रात नाय."

आणि चपला भिंतीशी सरकवून ती हात धुवायला गेली.