गढ्याच्या वाटेवरून परत

शरयूबाई पांढरीपांडे जबलपुरात मिलौनीगंजात राहत. तेविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा भावाच्या संसारात पडून राहण्यापेक्षा त्या नागपूरला गेल्या, सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि परत येऊन इथल्या मराठी घरांतून बाळंतपणं करू लागल्या. माझ्या आईची त्यांच्याशी मैत्री होती. पुढची हकीकत मी त्यांच्याच तोंडून, तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली आहे.

१९२९ साली कुंदा नावाची एक पहिलटकरीण त्यांच्या हातून सुखरूप सुटली. बाळ-बाळंतीण ठीक होते. शरयूबाई घरी निघाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन उगीचच थांबल्या. कोणी हाक मारली नव्हती, मनात काही विचारही नव्हता. मागे फिरावं, एवढंच वाटलं. रात्रभराचं जागरण आहे, त्याचंच हे, असं म्हणून त्या पुढे गेल्या. दुपारी कुंदाच्या घरून माणूस धावत आला. त्या पोचल्या तेव्हा गादीखालपर्यंत रक्त गेलं होतं आणि कुंदा थंड पडली होती.

हे त्यांनी कित्येक वर्षं कोणालाच सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून तसं वाटलं की त्या मागे फिरत. बहुतेक वेळा काही झालेलं नसे. लोक हसत. "बाई, घर विसरल्या का?" असंही कोणी म्हणे.

१९३७ च्या वैशाखात शहराबाहेरच्या गढ्याहून बोलावणं आलं. भय्यासाहेब हे शहपुऱ्याकडचे मालगुजार, गावांचे जमीनदार. गढ्याला त्यांचं मोठं घर होतं. त्यांच्या सुनेला, विनताला, दिवस भरले होते. आधीच्या दोन मुली आठवड्याच्या आत गेल्या होत्या. तेव्हा दुसरी दाई होती. सासूबाईंनी, सगळे त्यांना माईसाहेब म्हणत, ते पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. "आमच्या घरात मुली टिकतच नाहीत," त्या म्हणाल्या आणि पानाचा डबा पुढे सरकवला.

सकाळी अकराला विनता सुटली. मुलगी. चांगली सहा-साडेसहा पौंडांची, आणि रडणं असं की अंगणातल्या गाईनं मान वळवली. माईसाहेबांनी नातीकडे नीट पाहिलं. मग शरयूबाईंच्या हातात नवं लुगडं ठेवलं.

"आता निघा तुम्ही. ऊन वाढून राहिलं. टांगा सांगितला आहे."

"संध्याकाळी बाळाला अंघोळ घालायला येते मी."

"काहून त्रास घेता? तिसऱ्या दिवशीच या. आम्ही आहोत ना."

शरयूबाई टांग्यात बसल्या. रस्त्यावर माणूस नव्हतं. मदन महालाची टेकडी पांढरी तापलेली, लूची गरम झळ चेहऱ्यावर येत होती. टेकडीखालून जाताना एकाएकी त्यांना पुन्हा वाटलं. तेच. मागे फिर.

"गाडी वापस लो," त्या टांगेवाल्याला म्हणाल्या.

"क्या हुआ बाई? कुछ छूट गया?"

"हाँ. कैंची." कात्री पिशवीतच होती.

घरात शिरल्या तर सगळं जागच्या जागी. विनता डोळे मिटून पडलेली, शेजारी दुपट्यात बाळ झोपलेलं. माईसाहेब हसल्या, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. शरयूबाईंनी पिशवी चाचपून कात्री सापडल्याचं सोंग केलं, टांगेवाल्याला थांबायला सांगितलं आणि ओसरीत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"ऊन लागलंय. जरा बसते."

माईसाहेबांनी सरबत पाठवलं. त्या स्वतः समोर येऊन बसल्या आणि सुपारी कातरू लागल्या. अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला. शरयूबाई सांगत, की त्यांना त्या वेळी स्वतःची लाज वाटत होती. कशासाठी बसलो आहोत, विचारलं तर काय सांगणार? उठावं असं दोनदा मनात आलं. पण उठवेना.

मग ध्यानात आलं, की बाळाचा आवाज नाही. इतका वेळ झाला, कुरकुर नाही, दूध मागणं नाही. त्या उठल्या आणि सरळ आत गेल्या.

"कुठं चालल्या?" मागून माईसाहेब.

दुपटं बाजूला केलं तर बाळाचे ओठ निळसर झालेले. श्वास येत होता, मग बराच वेळ येत नव्हता. ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग. बोटाने पुसून नाकाशी नेला. अफू.

"काय दिलं हिला?"

"रडत होती. झोपावी म्हणून बोटभर चाटवलं. सगळेच देतात."

"तास-दोन तासांचं बाळ आहे, माईसाहेब!"

शरयूबाईंनी बाळाचं तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, त्या इवल्या तोंडावर आपलं तोंड ठेवून हळूहळू श्वास घातला. बाळ हललं, क्षीण चिरकलं. तेवढ्यात विनताने डोळे उघडले. ती झोपलेली नव्हतीच.

"त्या दोघीही अशाच झोपल्या होत्या," ती छताकडे पाहत म्हणाली. "हिला घेऊन जा, बाई."

"आमच्या घरातलं मूल बाहेर जाणार नाही," माईसाहेब म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

दारात विनताचा नवरा चिंतामणी उभा होता. शरयूबाई बाळ छातीशी धरून त्याच्यापर्यंत गेल्या. तो बाजूला झाला. त्याने अडवलं नाही, सोबतही आला नाही.

टांगा शहराच्या जनाना दवाखान्यापर्यंत पळाला. वाटभर त्या बाळाला हलवत होत्या, श्वास देत होत्या. डॉक्टरीणबाई चार तास झटल्या. दिवेलागणीला मुलगी नीट रडली.

शरयूबाईंनी पोलिसांत जबानी दिली. भय्यासाहेबांनी अफू औषध म्हणूनच दिल्याचा वैद्याचा कागद आणला, प्रकरण मिटलं. विनताचे वडील येऊन मायलेकींना नागपूरला घेऊन गेले. चिंतामणीचं दुसरं लग्न वर्षाच्या आत झालं. आणि शहरातल्या मोठ्या मराठी घरांतून शरयूबाईंना बोलावणं येईनासं झालं. अपशकुनी बाई, घर फोडणारी बाई. त्या मग बिडी कामगारांच्या वस्तीत बाळंतपणं करू लागल्या.

१९४० च्या पावसाळ्यानंतर कळलं, की गढ्याला चिंतामणीच्या दुसऱ्या बायकोलाही मुलगी झाली आहे. त्या दिवशी तिथं काय होऊ शकतं याबद्दल शरयूबाईंच्या मनात काही शंका उरली नाही. त्यांनी छत्री घेतली आणि भय्यासाहेबांच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसल्या. सकाळी येत, दिवस मावळायला परतत. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. जाणारे-येणारे विचारत, "यहाँ काहे बैठी हो, बाई?" त्या म्हणत, "बच्ची का रोना सुनने." ऐकणारे वर खिडकीकडे पाहत. खिडकीत माईसाहेब उभ्या असत.

आवाज थांबला असं वाटलं की शरयूबाई उठून रस्त्याच्या मध्यापर्यंत जात. पुन्हा रडणं ऐकू आलं की परत बसत.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आतून गाण्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने गडीमाणूस झाकलेलं ताट घेऊन बाहेर आला.

"माईसाहेबांनी पाठवलंय. खाऊन जा म्हणाल्या."

शरयूबाईंनी झाकण उचलून पाहिलं. पेढे होते, वर केशराची काडी. मग झाकण जागेवर ठेवलं.

"त्यांना सांग," त्या म्हणाल्या, "त्यांनी आधी एक खावा. मग मी खाते."

ताट परत गेलं. ते पुन्हा बाहेर आलं नाही.