याकोब कुणाचा भाऊ

मी जुन्या एसींचा धंदा करतो. कुवेतमधल्या हवल्लीतलं माझं दुकान कुणाच्या मेहेरबानीवर उभं नाही, घासाघिशीवर उभं आहे. आमच्या बाजारात गिऱ्हाईक आत शिरतं तेच ‘अखूई’ म्हणत, म्हणजे ‘माझ्या भावा’. मीही म्हणतो. भाव ठरेपर्यंत सगळेच भाऊ. पण एका माणसाच्या तोंडून मला तो शब्द मनापासून हवा होता, मागं-पुढं काही न जोडता.

तो माणूस म्हणजे दादा, माझ्या मावशीचा मुलगा. मी रांगत होतो तेव्हा माझी आई गेली. जालन्याला मावशीनं मला स्वतःच्या पोरांत वाढवलं. कुवेतला दादा आधी आला, इस्पितळाच्या लॅबमध्ये लागला आणि मग त्यानं मला आणलं. जलीबला एकाच खोलीत आम्ही कामगार दाटीवाटीनं राहायचो, तेव्हा तो दर शुक्रवारी फिंतासहून डबा घेऊन यायचा. खोलीत जागा नसायची, म्हणून माझं जेवण होईपर्यंत जिन्यात बसायचा. आज माझ्या ताटात जे काही आहे, त्याची सुरुवात त्या डब्यापासून झाली. हे मी कुणापुढेही कबूल करीन.

आणि तोच दादा लेकीच्या साखरपुड्यात व्याह्यांना म्हणाला, “हा माझा मावसभाऊ.” त्या हॉलचं भाडं भांडून मी उतरवलं होतं, खुर्च्या मी लावल्या होत्या. मी न जेवता निघून आलो. पुढं लग्न जालन्याला ठरलं, तेव्हा दुकान बंद ठेवता येणार नाही असं कळवून टाकलं. दादानं का म्हणून विचारलं नाही, त्याचा वेगळा राग.

उपासनेला मात्र जात होतो. इथं रविवार कामाचा, त्यामुळे आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी शुक्रवारी सकाळी एकाच्या घरी जमतो आणि दादा शास्त्र शिकवतो. त्या शुक्रवारी विषय निघाला येशूच्या भावांचा. ते आधी त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, त्याला वेड लागलंय असं समजून घरचे त्याला धरून न्यायला आले होते. आणि पुढं त्यांतलाच याकोब यरुशलेमच्या मंडळीचा आधारस्तंभ झाला.

आमच्यात वसईच्या एक नर्स येतात, कॅथलिक आहेत, मराठी गाण्यांसाठी येतात. त्या म्हणाल्या की ते भाऊ सख्खे नव्हेत. याकोब मरीयेच्या बहिणीचा मुलगा, त्या बहिणीचंही नाव मरीयाच. आमची माणसं लगेच सरसावली. आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्यात याकोब मरीया-योसेफाचाच.

“दोघी बहिणींचं एकच नाव कोण ठेवतं हो ताई?” एका काकांनी विचारलं.

“वसईला या,” त्या म्हणाल्या. “घरटी दोन मरीया दाखवते.”

हशा झाला. मी एरवी अशा वादात पडत नाही. त्या दिवशी म्हणालो, ताईंचं बरोबर आहे.

“हे कधी कॅथलिक झाले?” काका म्हणाले.

“धरून चला, याकोब मावसभाऊ होता,” मी म्हणालो. “मग लिहिणाऱ्यानं कुठं ‘मावस’ लिहिलंय? नुसतं भाऊ लिहिलंय. त्याला कळत होतं. काही लोकांना शिकवून कळत नाही.”

माझा आवाज चढला होता. कुणासाठी ते सगळ्यांना समजलं. नर्सताई चहाच्या कपात बघायला लागल्या.

दादानं चष्मा काढला. “तुला सख्खा म्हटलं, तर तुझी आई माझी कोण राहिली?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“माझी मावशी होती ती. तिचा फोटो नाही. तुला तिचा चेहरा आठवत नाही. तुला मावसभाऊ म्हणतो तेव्हा तेवढंच तिचं नाव निघतं, बाबा. दुसरं कोण काढतं?”

“हे आधी सांगायचं होतं.”

“तू विचारलंस कधी? तू सरळ न जेवता गेलास.”

समोरच्याचा माल आपल्यापेक्षा भारी आहे, हे ओळखण्यावरच माझं पोट चालतं. मी गाण्यांचं पुस्तक उघडलं. काकांनी घाईनं गाणं धरलं.

उपासनेनंतर दादा-वहिनींना फिंतासला सोडायला निघालो. रस्त्याला लागल्यावर विचारलं, माझी आई कशी होती. ती गेली तेव्हा दादा शाळेत जात होता, त्याला चांगलं आठवत होतं. म्हणाला, तापट होती. बांगडीवाल्याशी इतकी भांडायची की तो टोपली उचलून चालू पडायचा. तो कोपऱ्यावर पोचला की हाक मारून परत बोलवायची आणि तिच्याच भावात बांगड्या घ्यायची. हसताना तोंडावर पदर धरायची. भाकरी करताना भजन म्हणायची, तेही चुकीच्या चालीत.

वहिनीनं मागून विचारलं, लग्नाचं काय ठरलं. मी म्हणालो, दुकानाला कुलूप लावीन. गरमीच्या तोंडावर धंदा बुडेल, हेही ऐकवलं.

फिंतास त्या दिवशी फारच लवकर आलं. इमारतीखाली एसी चालू ठेवून आम्ही गाडीतच बसलो. वहिनी कंटाळून वर गेली. दादा सांगत होता, आणि मी मधेच त्याला थांबवून विचारत होतो, टोपली कसली होती, भजन कोणतं होतं.