वस्तीतून मागणी नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, पण लगेच धीर द्यायला धावू नका. मला ते खपणार नाही.

सरकारी सूर्यचुलींच्या दिवसांतली गोष्ट. काळी पेटी, वर काच, झाकणाला आरसा, आत डाळ-तांदळाचे डबे — आठवतात का? किमतीतला मोठा वाटा सरकार भरायचं. आमचे साहेब प्रशिक्षणात रंगात येऊन सांगायचे, अमेरिकेत छपरावर सौर बंब बसवला तर करात सूट मिळते, इस्रायलमध्ये नव्या घराला तो बसवावाच लागतो. आपल्याकडे निदान पेटी तरी येऊ द्या! मी गावोगाव जाऊन त्या पेटीत रांधून दाखवायची. नियम एकच — डबा उघडला की पहिला घास माझा. त्याशिवाय विस्तवाविना अन्न शिजतं यावर कोण विश्वास ठेवणार?

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटलेला. आमचं घर भिक्षुकांचं, पण मी मोठी पुरोगामी. नामांतर झालंच पाहिजे म्हणून निवेदनावर सही केली, सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला. खोटं कशाला बोलू, त्या सहीचा मला तोरा होता.

आणि कन्नड तालुक्यातल्या एका दलित वस्तीत रांधून दाखवायची माझी पाळी आली. वस्तीनं नामांतराची सभा घेतली म्हणून गावानं त्यांना बांधावरचं सरपण बंद केलं होतं. कौतिकाबाईनं तिच्या अंगणात पेटी मांडू दिली. चुलीत ती ओला पालापाचोळा जाळायची, त्या धुरानं तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळायचं. तांदूळ तिनंच निवडले, पाणीही तिच्याच घरचं. दुपारी मी काच उचलली. भात मोकळा, वाफाळता. बायका माझ्या हाताकडं बघत होत्या.

मी म्हटलं, "आज माझी संकष्टी आहे."

भूक नव्हती का? सडकून होती. पण त्या भातात तिच्या घरचं पाणी होतं — आणि माझा हात पुढं होईना. बस्स, एवढंच कारण.

"संकष्टी तर परवा झाली, बाई," कौतिकाबाई म्हणाली. रागानं नाही, हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं. मग तिनंच पहिला घास घेतला आणि बायकांना म्हणाली, "शिजलाय गं. लई चांगला शिजलाय." मला म्हणाली, "आमची नावं लिवा. सरपणावाचून लई हाल हायेत."

सगळ्यांची नावं मी लिहून घेतली. इथवर तुम्ही म्हणाल — संस्कार, दुसरं काय! थांबा. खरी घाण पुढंच आहे.

नावं मंजूर झाली असती तर पेट्या घेऊन मलाच जावं लागलं असतं. पुन्हा तेच अंगण, पुन्हा तीच बाई — जिनं मला पकडलं होतं आणि चारचौघींत उघडं पाडलं नव्हतं. तिच्यासमोर जायची माझी छाती नव्हती. ऑफिसात बसून मी ती यादी फाडली आणि अहवालात लिहिलं — वस्तीतून मागणी नाही. पेट्या वरच्या गावात गेल्या. ज्यांनी सरपण बंद केलं होतं, त्यांच्या माळ्यावर जाऊन पडल्या.

काळच तसा होता, असं म्हणू नका. काळानं माझा हात धरला नव्हता. घरच्यांवर ढकलू? ते तिथं नव्हतेच. साहेबांनी तर काही विचारलंही नाही. जे केलं ते मी केलं, शुद्धीत, निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात. मला माफी नको. ती देणारे तुम्ही कोण?

पुढं विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलं, तेव्हा ऑफिसात पेढे मी वाटले. बाई पहिल्यापासून आपल्या बाजूच्या, असं सगळे म्हणाले. मी हसून मान डोलावली. कौतिकाबाई त्याही दिवशी धुरात बसून रांधत असणार. तिला तिथं मी बसवलं.