सरांनीच सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्या मित्रांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं मला अजून बरं दिसायचं असतं — निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही.

मी कोल्हापुरात विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचो. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा विषय. चांगलं शिकवायचो, हे खोटं नाही. आवाज कुठं चढवायचा, कुठं एकदम खाली आणायचा, कोणत्या वाक्यानंतर खिडकीबाहेर बघायचं — सगळं मला बरोबर ठाऊक होतं. मुलं भारावून जायची. मुलं भारावली की मीही भारावायचो. आपण जसं बोलतो तसेच आपण आहोत असं माणसाला वाटायला लागतं, आणि शिक्षकाला तर ते फारच लवकर वाटतं.

इराकवर बॉम्ब पडायला लागले तो मार्च महिना होता. केबलवर दिवसभर बगदाद पेटलेलं दिसायचं. पण कोल्हापूरला त्या दिवसांत दुःख होतं ते वेगळंच — क्रिकेटच्या विश्वचषकाची फायनल आपण हरलो होतो. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतही चर्चा तीच. नाणेफेक जिंकूनसुद्धा आधी बॅटिंग का घेतली नाही? या एका प्रश्नावर डॉक्टरेट मिळवलेली माणसं भांडत होती.

मला राग आला. खरा होता का तो राग? तेव्हा वाटलं होतं, खरा आहे. एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या तासाला मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, तिकडं बायकापोरं मरताहेत आणि आपण नाणेफेकीचं सुतक पाळतोय. ज्या वर्गाला आज त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहावंसं वाटत नाही, त्या वर्गानं हा विषय शिकूच नये. मग खिडकीबाहेर बघितलं.

तास संपल्यावर वंदना माझ्याकडं आली. वर्गातली सगळ्यात वाचणारी मुलगी. राधानगरीच्या पुढचं गाव, बौद्ध कुटुंब, वडील गवंडी. कमवा-शिका योजनेतून ती शिकत होती — सकाळी विद्यापीठाच्या बागेत काम करायचं, त्यावर वसतिगृहातली खोली आणि मेसचं जेवण मिळायचं. ती योजना नसती तर ती एम.ए.ला येऊच शकली नसती. हे मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

ती म्हणाली, सर, आपण खरंच उभं राहूया. इमारतीसमोरच्या चौकात. घोषणा नकोत, भाषण नको, फक्त दोन मिनिटं.

मी म्हणालो, "करा. मी आहे."

आमच्याकडं कामं अशीच चालायची. अर्ज केला की तो वर जायचा, वर गेला की अडकायचा. म्हणून कुणीतरी शिक्षक 'मी आहे' म्हणायचा आणि मुलं पुढं व्हायची. ते दोन शब्द म्हणजेच परवानगी होती. कुणी त्यावर सही मागत नसे, आणि मागितली असती तर आम्हालाच अपमान वाटला असता. काही बिनसलंच तर शिक्षक पुढं होऊन म्हणायचा, मुलांना मी सांगितलं होतं. आमच्या जुन्या सरांनी माझ्यासाठी एकदा तसं म्हटलंही होतं. मी विद्यार्थी होतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी जिन्यावरून खाली बघितलं. चौकात आमची मुलं उभी होती, आणि त्यांच्यासमोर दुसरा एक घोळका. त्यातला एक मुलगा माझ्या ओळखीचा होता, त्याचा थोरला भाऊ फौजेत होता. तो मोठ्यानं ओरडत होता, "आपलं जवान मेलं तवा उभा राहिलासा काय? आं? तवा कुठं गेलतासा?"

रास्त प्रश्न होता हो! आमच्या जिल्ह्यात घरटी माणूस फौजेत असलेली गावं आहेत. त्याला एवढंच म्हणायला हवं होतं — ये, त्यांच्यासाठीही उभे राहू, तू पुढं हो. शिक्षकानं म्हणायचं एक वाक्य. मी आयुष्यभर संघर्ष आणि संवाद यांवर पेपर वाचले, चर्चासत्रं झोडली, आणि ते एक वाक्य बोलायला मला फक्त जिना उतरायचा होता.

मी जिना उतरलो नाही. वळलो आणि बाथरूममध्ये गेलो. नळ सोडून हात धूत उभा राहिलो. बाहेरचा आवाज वाढला की नळ जास्त सोडायचो. काच फुटल्याचं ऐकू आलं तेव्हा माझे हात पांढरे पडले होते, आणि तरी मी धूतच होतो.

सूचनाफलकाची काच फुटली होती. ढकलाढकलीत एका मुलाच्या कपाळाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी — 'विद्यापीठात दोन गटांत हाणामारी'. झालं! ज्यांना बगदाद नकाशात दाखवता आलं नसतं ते सगळे शिक्षक जागे झाले. उद्या हे काश्मीरचं काढतील, असं एक जण म्हणाला. शिकायला येतात की देश विकायला, असं दुसरा. तिसरा नुसता मान हलवत होता. मी? मीही मान हलवत होतो. परदेशातल्या घडामोडींवर आवारात कोणताही कार्यक्रम करू नये, अशी सूचना लागली. काच फुटलेल्याच फलकावर लागली. आम्हा विद्वानांचा त्या युद्धाला दिलेला प्रतिसाद तो एवढाच.

मग चौकशी समिती. तीन ज्येष्ठ प्राध्यापक, तिघंही माझ्या चांगल्या ओळखीचे. वंदनाला त्यांनी विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून केलं? ती म्हणाली, सरांनीच सांगितलं होतं. त्यांनी मला बोलावलं. चहा मागवला, क्रीमची बिस्किटं मागवली. आमचे विभागप्रमुख त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्या खुर्चीसाठी माझं नाव चर्चेत होतं, हे त्या तिघांना माहीत होतं. मला तर होतंच. अध्यक्ष हसत म्हणाले, "काय हो, ती मुलगी तुमचं नाव घेते."

बघा — त्यांनी मला वाट करून दिली होती. धमकी नव्हती, दडपण नव्हतं. मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? थोडी नाराजी. फार तर ती खुर्ची दोन वर्षं लांबली असती. कुणी मला फासावर देणार नव्हतं.

मी म्हणालो, असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

इथं थांबलो असतो तर तो एक साधा भेकड खोटेपणा झाला असता. अशी माणसं खूप असतात, मी त्यांच्यात खपून गेलो असतो. पण मी थांबलो नाही. अध्यक्षांनी विचारलंही नव्हतं. बिस्किट चहात बुडवत मी आपणहून पुढं म्हणालो, "मुलगी हुशार आहे हो. पण त्या समाजातली मुलं पटकन पेटतात. आपणच समजून घ्यायला हवं."

किती मायेनं म्हणालो! समजून घ्यायला हवं. तिघांनीही समजूतदारपणे माना डोलावल्या. त्या खोलीत आम्ही चौघंही एकाच पठडीतले, आणि ते वाक्य कुणालाच टोचलं नाही. मीच वर्गात समतेवर तास घ्यायचो. ती पहिल्या बाकावर बसून ऐकायची.

वंदनाचं कमवा-शिकातलं नाव काढलं. खोली सोडायला सांगितली. ज्याच्या कपाळाला टाके पडले त्याला समज दिली, ओरडणाऱ्याला समज दिली, मला काहीच नाही. त्याच उन्हाळ्यात एका गावच्या व्याख्यानमालेत मी 'युद्ध आणि विवेक' या विषयावर बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. घेतला मी. खोबऱ्याची चटणी झाली त्याची, खाल्लीसुद्धा.

जूनमध्ये वंदना आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या हजेरीला मी तिचं नाव गाळून पुढं गेलो. वर्गातल्या एकानंही माझ्याकडं वर बघितलं नाही. मार्चमधलं माझं ते वर्गातलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, सगळ्यांनी. समितीसमोर मात्र कुणी तसं म्हणालं नाही. त्यांना तरी काय बोलू? ते माझ्याकडंच तर शिकत होते. पुढं ती इथंच कोल्हापुरात, राजारामपुरीत एका क्लासमध्ये शिकवते असं कानावर आलं. मी राजारामपुरीत दवाखान्याला जातो, बँकेत जातो. त्या गल्लीतून जात नाही. विभागप्रमुख झालो, निरोप समारंभ झाला, 'विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभे राहणारे सर' असं एक जण बोलला. मी खाली बघून हसलो. लोकांना वाटलं, विनय.

एवढं सांगितलं तरी मी अजून टाळतोय. सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

खोली सोडायच्या दिवशी वंदनाचे वडील तिला घेऊन विभागात आले. धुतलेला सदरा, हातात टोपी. दारावरचं माझं आडनाव त्यांनी हळूहळू वाचलं आणि हात जोडून 'नमस्कार सर' म्हणाले. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. वंदना त्यांच्या मागं उभी होती, ट्रंक बाहेर व्हरांड्यात ठेवलेली. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. खरं सांगतो — त्यानं धरली असती तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

ते म्हणाले, "सर, पोरगी म्हंती, तुमीच सांगितलंतं म्हून उभी ऱ्हायली. म्या म्हटलं, गप बस. एवढं शिकलेलं मानूस, सर कशाला खोटं बोलतील? व्हय की न्हाय?"

मी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला.

मग ते मागं वळले. पोरीवर त्यांचा जीव होता, आवाज चढवतानासुद्धा तो दिसत होता. "माफी माग सरांची. सरांचं नाव घेतलंस तू. माग."

वंदनानं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असेल असं तुम्हाला वाटेल. राग नव्हता. ती वाट बघत होती. वडिलांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहून ती अजूनही वाट बघत होती, की सर आता बोलतील. एवढा वेळ दिला तिनं मला. पंखा फिरत होता, वडील हात जोडून उभे होते, आणि मी पेपरवेटवर बोट ठेवून बसलो होतो.

शेवटी ती म्हणाली, "चुकलं, सर."

"असू दे," मी म्हणालो. "माफ केलं."

आणि तिच्या वडिलांनी माझे आभार मानले.