लक्ष्मणदादांचा हिरवा फोटो

जव्हारमध्ये आम्ही तिघे मित्र अजून रोलवर फोटो काढतो. लोक आम्हाला वेडे समजतात, लॅबवाल्यांची तर खात्रीच आहे. एका काळ्या-पांढऱ्या रोलने आमच्याकडे इतके किस्से जमवलेत की मूळ फोटो कोणाचा होता तेच विसरायला होतं.

होता पोशेऱ्याच्या लक्ष्मणदादांचा. घरात भिंतीवर त्यांच्या वडिलांचा एकुलता एक काळा-पांढरा फोटो. दादा म्हणाले, "बाप एकटाच हाय. बाजूला मला लावा, तसाच." त्यासाठी ते लाल फेटा बांधून बैलाशेजारी उभे राहिले. काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी लाल फेटा!

*

हा रोल गमतीचा. फोटो काळे-पांढरे, पण धुवायचा रंगीत रोलच्या केमिकलमध्ये. नाशिकचा लॅबवाला संजय म्हणाला, रंगीत केमिकलमध्ये घातला की रंग येणारच. आम्ही त्याला हसलो.

प्रिंट हिरवे आले. दादा हिरवे, फेटा हिरवा, बैल हिरवा. मागचं नागलीचं शेत तेवढं बरोबर आलं होतं.

*

संजय मनाचा चांगला. रोलमधले रंग उडालेत, मी भरून देतो म्हणाला आणि फोनवर फेट्याचा रंग विचारला. आमचा सुनील सवयीने खरं बोलतो. त्याने सांगितलं, लाल.

पुढच्या खेपेला फेटा लाल आला. दादाही लाल आले. बैलसुद्धा!

*

तिसऱ्यांदा चॉकलेटी. संजयच्या मते हा जुना लुक, लग्नवाल्यांना फार आवडतो. माझं डोकंच फिरलं. इकडे खोडाळ्याच्या बाजारात दादा मला गाठून म्हणायचे, "मास्तर, बाप वाट बघतोय."

*

शेवटी मी स्वतः जाऊन संजयच्या खुर्चीमागे उभा राहिलो. मशीन आपोआप रंग सुधारतं, ते बंद करायला लावलं. स्कॅनमधला उरलासुरला रंगही काढायला लावला. आणि आला एकदाचा! डोळ्यांजवळच्या सुरकुत्या, फेट्याची घडी न घडी. मला भरून आलं.

संजयही बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, थोडा रंग भरू का?"

*

सगळे प्रिंट घेऊन पोशेऱ्याला गेलो. काळा-पांढरा बघून दादा लहान मुलासारखे हसले. खिळा आधीच ठोकून ठेवला होता. तेवढ्यात त्यांच्या बायकोने, सोनीबाईंनी, फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"भिंतीवर असा लावायचा तं गेलेल्या मानसाचा. माझा धनी जिता हाय."

मी समजावलं, सुनीलने समजावलं. सोनीबाईंनी बाकीचे प्रिंट जमिनीवर मांडले, निरखले आणि हिरवा उचलून सासऱ्यांच्या शेजारी लावला.

मग काळा-पांढरा पदराने पुसला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळला आणि पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवला.

"याची घाई नाय," त्या म्हणाल्या.