हरल्याचं पान

सालातिगा शहरातल्या बॅडमिंटन वसतिगृहात पुस्तकांचं एक कपाट आहे आणि त्याची किल्ली कुस्तियाहच्या कमरेला असते; तिला सगळे बू, म्हणजे आई, म्हणतात. हुद्द्याने ती स्वयंपाकीण. सव्वीस वर्षं तिने इथल्या मुलींना भात वाढला, तापात त्यांच्या उशाशी बसली, आणि दुपारची भांडी आवरली की खेळाडूंची आत्मचरित्रं वाचली. कुठलं कपाटात ठेवायचं, हे ठरवायची तिची एक रीत होती. पुस्तक हातात आलं की आधी ती पराभव शोधायची. हरल्यावर माणूस जेवला का, कोणावर डाफरला, घरी जाऊन काय बोलला, एवढं एखाद्या पानावर सापडलं की पुस्तक आत. नुसतेच चषक आणि घाम असले तर रद्दीत. एका वजन उचलणाऱ्याचं फाटकं पुस्तक पहिल्या फळीवर होतं. गडी जन्मात एकदाही जिंकला नाही, पण हरून आल्यावर बायकोने काय वाढलं ते त्याने दोन पानं भरून लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात प्रशिक्षक हार्तोयो चाळीस प्रती घेऊन आले. याच वसतिगृहात वाढलेल्या पालूपीचं आत्मचरित्र. "प्रत्येकीने वाचायचंच," त्यांनी फर्मावलं. कुस्तियाहने ते एका दुपारी संपवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकशे बाराव्या पानावर पालूपी फाटलेल्या गुडघ्याने अंतिम सामना जिंकते, 'दुखणं म्हणजे मनाचे खेळ' असं म्हणते, आणि पान उलटलं की थेट लग्न. मधले अकरा महिने गडप. त्या अकरा महिन्यांत पालूपीला धरून न्हाणीत नेणारी कुस्तियाहच होती. त्यानंतर पोरीने एकही स्पर्धा जिंकली नव्हती. खोटं लिहिलेलं निदान पकडता तरी येतं. गाळलेलं कोण पकडणार?

पंधरा दिवसांत वसतिगृहातली निंग्रुम, वय वर्षं पंधरा, एकेका पायरीवर थांबत जिना उतरू लागली. कुस्तियाहने तिला स्वयंपाकघरात अडवलं.

"पाय दाखव."

"काही नाही हो, बू. मनाचे खेळ आहेत."

"हे शहाणपण कुठून आणलंस?"

"पान एकशे बारा."

गुडघा टम्म सुजला होता, आणि रविवारी प्रांताच्या संघाची निवड होती. कुस्तियाह तडक हार्तोयोंकडे गेली.

"तुम्ही भाताचं बघा, बू," ते म्हणाले. "पोर जिद्दीची आहे."

"जिद्द तुमची आणि गुडघा तिचा. वाटणी बरी केलीत."

शुक्रवारी पालूपी प्रतींवर सह्या करायला आली. चटया अंथरल्या होत्या, चाळीस मुली मांडी घालून बसल्या होत्या. इथे पाहुणा कितीही मोठा असो, चटईवरच बसतो. पालूपीसाठी मात्र हार्तोयोंनी गुपचूप खुर्ची ठेवली होती. कुस्तियाहने ती सर्वांदेखत उचलली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

"बस की गं," ती परत येऊन म्हणाली. "इथंच बसून माझ्या हातचं तेम्पे खायचीस."

पालूपीने भिंतीला हात टेकला, वाकली, आणि अर्ध्यावरच अडकली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"हा काय आचरटपणा आहे?" हार्तोयो ओरडले.

कुस्तियाहला स्वतःची लाज वाटली. जिला तिने सहा वर्षं भरवलं तिला ती भर सभेत उघडं पाडत होती. पण ती हटली नाही.

"बू, खुर्ची द्या," पालूपी हळूच म्हणाली.

"देते. आधी एकशे बाराच्या पुढचं सांग."

पालूपीने भिंतीला धरूनच सांगितलं. दोन शस्त्रक्रिया. न्हाणीतली ती फरफट. अजूनही लेकराला जमिनीवर बसून भरवता येत नाही. "हे सगळं मी लिहिलं होतं. छापणारे म्हणाले, असलं रडगाणं कोण विकत घेतं? मी काढू दिलं."

"तू काढू दिलंस," कुस्तियाह म्हणाली, "आणि उरलेलं हिने वाचलं." तिने निंग्रुमला उभं केलं आणि तिच्या विजारीचा पाय वर सरकवला.

पालूपीने तो गुडघा पाहिला. हार्तोयोंकडे वळून ती एवढंच म्हणाली, "रविवारी ही खेळणार नाही." स्वयंपाकिणीचं ऐकायचं नसतं, पण विजेतीचं कोण मोडणार? मग कुस्तियाहने खुर्ची आणली आणि पालूपीला दंडाला धरून बसवलं. चाळीस प्रतींपैकी एकही मात्र तिने कपाटात ठेवली नाही.

रविवारी निवड झाली. निंग्रुमच्या जागी जिला ती नेहमी हरवायची ती मुलगी गेली. निंग्रुमने बूशी अबोला धरला. कुस्तियाह रोज तिच्या गुडघ्यावर बर्फ धरायची आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची. नवव्या दिवशी तिने ताट पुढे ढकललं.

"तुम्ही माझं वर्ष घालवलंत."

"घालवलं," कुस्तियाह म्हणाली आणि ताट पुन्हा तिच्यासमोर सरकवलं. "पाय नाही घालवला. जेव."