सुभेदार आणि भिंतीपलीकडची कॅसेट

माझे सासरे माणसाला नावानं हाक मारत नसत, गुन्ह्यानं मारत. दूधवाला 'पाणी', पोस्टमन 'उशीर', शाळेतले मास्तर 'थाप'. मी लग्न होऊन सांगलीहून कोरेगावजवळच्या त्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायला विसरले. मांजर दूध पिऊन गेलं. तेव्हापासून मी 'झाकण'. चार पाहुणे बसलेले असले तरी, "ए झाकण, च्या टाक!" सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. मी मनात जे म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवराही फौजेत, म्हणजे सुट्टीपुरता घरी. तेव्हा घरात मी, माझी तान्ही मुलगी आणि पलटणीतून पेन्शनवर आलेला हा माणूस. घरात येणारी प्रत्येक वस्तू ते 'चार्ज' घ्यायचे. भाजीची पिशवी आली की ओट्यावर उपडी करून एकेक वांगं उलटंपालटं करून बघायचे आणि कीड सापडली की त्यांचा चेहरा उजळायचा. माझ्या हातच्या जेवणाला ते कधी बरं म्हणाले नाहीत. फार खूश असले तर म्हणायचे, "आज मरणार न्हाई आपण."

आमच्या अंगणाच्या कडेला छातीएवढी भिंत होती. तिच्या पलीकडे त्यांचे थोरले बंधू, अण्णा. विहिरीच्या पाळीवरून दोघांची तोंडं फिरली, वाटण्या झाल्या, भिंत उठली आणि बोलणं कायमचं बंद झालं. ईर्षा मात्र चालू राहिली. यांनी घराला पिवळा रंग दिला की अण्णा त्याहून भडक पिवळा देणार. अण्णांनी अँटेना उंच केली की हे माझ्या नवऱ्याला सुट्टीत गच्चीवर चढवणार. मी एकदा विचारलं, "मामंजी, एवढ्या उंचीवरनं चित्र बरं दिसतं का?" तर म्हणाले, "चित्राचं काय घेऊन बसलीस? त्याला दिसली पायजे."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझे यजमान सुट्टीवर येताना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आले. मुलीसाठी म्हणे. मुलीला तेव्हा नीट चालताही येत नव्हतं. सुभेदारांनी मशीनचा चार्ज घेतला तो घेतलाच. त्याच्याबरोबर रणगाड्यांची कॅसेट होती. धूळ जावी म्हणून कॅसेटीत फुंकर मारायची, ती मशीनच्या खाचेत दाबायची, रिमोट हातात घ्यायचा आणि शत्रूचे रणगाडे उडवायचे. दुपारी जेवण झालं की हा मिशीवाला माणूस टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचा आणि पडद्यावरच्या रणगाड्यांना अशा शिव्या द्यायचा की मी मुलीला घेऊन मागच्या दारी जायचे.

आवाज भिंतीपलीकडे गेलाच. महिन्याच्या आत अण्णांनी साताऱ्याहून तसंच मशीन आणवलं. पण त्यांना दुकानदारानं मोटारसायकलच्या शर्यतीची कॅसेट दिली होती. आता पंचाईत झाली. याच्याकडे आहे ते त्याच्याकडे नाही, आणि ही गोष्ट दोघांनाही झोप लागू देईना. शेवटी एका रविवारी सुभेदारांनी रणगाड्यांची कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिली. "जा, त्या थोरल्याला दे. म्हणावं, बघून घे लढाई कशाला म्हणत्यात. अन त्याची घेऊन ये."

अशी मी पोस्टमन झाले. पुढे दोघांनीही आणखी कॅसेटी घेतल्या, एकाची दुसऱ्याकडे नसेल अशी बघून. आपापल्या कॅसेटीवर खिळ्यानं नावं कोरली. दर रविवारी एक कॅसेट जायची, एक यायची, आणि प्रत्येकीबरोबर निरोप. अण्णा म्हणायचे, "त्याला सांग, फुंकर मारताना थुकू नको म्हणावं. आतनं गंजतीया कॅसेट." इकडे सुभेदार आलेली कॅसेट उजेडात धरून म्हणायचे, "बघ, समदी धूळ. ह्याला लहानपणापास्नं सवय हाय, दुसऱ्याची वस्तू घाण करून द्यायची." दोन्हीकडच्या शिव्या मी वाहून न्यायच्या, आणि दोन्हीकडे माझ्यावरच तोंड टाकलं जायचं. मला दोन्ही म्हाताऱ्यांचा मनापासून राग यायचा. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

म्हणून काही वर्षांनी एका दिवाळीच्या सुट्टीत यजमानांनी नव्या मशीनची बातमी आणली तेव्हा मी एकदम त्यांच्या बाजूनं झाले. या मशीनला कॅसेट लागतच नव्हती. सगळे खेळ आतच भरलेले, बटण दाबलं की हवा तो खेळ. "आबा, तेच आणतो," यजमान म्हणाले. "कुणाच्या कॅसेटीची वाट बघायला नको."

"नगं," सुभेदार म्हणाले.

"का? खेळ कितीतरी जास्त आहेत."

"असू देत. आतला खेळ आपला नसतोय. मशीन बसलं की समदे खेळ त्याच्यासंगं गेले. कॅसेट हातात ऱ्हाती. इकता येती, बदलता येती, नाव घालता येतंय."

मी पोळी वाढता वाढता म्हटलं, "आणि दर रविवारी मी शिव्यांची ने-आण करायची, ते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हातातली पोळी तशीच राहिली. मग ताटात बघत म्हणाले, "अन कॅसेट न्हाई म्हटल्यावर पलीकडं काय पाठवायचं? नुसत्या शिव्या किती दिस पाठवणार?"

यजमान हसले. मला हसू आलं नाही. एवढी वर्षं मी जे वाहत होते ते भांडण नव्हतं, हे मला त्या ताटावर कळलं, आणि कळून आणखीच संताप आला. सरळ हाक मारायला काय झालं होतं या माणसाला?

नवं मशीन आमच्याकडे आलं नाही. ते अण्णांकडे आलं. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं हौसेनं आणून दिलं आणि जुनं मशीन जाताना घेऊन गेला. पुढच्या रविवारी मी कॅसेट घेऊन गेले, तर थोरल्या आत्याबाईंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, आमच्या सगळ्या कॅसेटी एका पिशवीत घालून परत दिल्या. अण्णा खाटेवर बसले होते. टीव्हीवर कसलासा खेळ आपोआप चालला होता, त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "ह्याला खाचच न्हाई गं," ते म्हणाले. "कुठं घालू कॅसेट?" त्या दिवशी निरोप काही नव्हता.

सुभेदारांनी पिशवीचा चार्ज घेतला नाही. कोपऱ्यात ठेवायला सांगितली. त्यानंतरचे दिवस आठवले की अजून डोकं उठतं. त्यांनी दूधवाल्याला हाकललं, मास्तरांशी रस्त्यात भांडण काढलं, माझ्या आमटीत मीठ आहे म्हणून बोलले आणि दुसऱ्या दिवशी नाही म्हणून. मशीनला हात लावला नाही. एका दुपारी ते माझ्या झाडलोटीत खोड काढायला लागले आणि माझा तोल गेला. मी केरसुणी टाकली आणि म्हटलं, "जायचं असेल तर जा की एकदाचे! माझा जीव का खाताय?"

"कुठं जायाचं?"

"भिंतीपलीकडे!"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. ते उठले. त्यांनी मशीनच्या वायरी उपसल्या, मशीन काखेत मारलं, दोन्ही रिमोट गळ्यात अडकवले आणि लुंगीवरच दाराबाहेर पडले. मी कॅसेटींची पिशवी घेऊन मागून पळत गेले. अण्णांच्या उंबऱ्यावर ते क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. थोरल्या आत्याबाई ओरडल्या, "आवं, चपला तरी काढा!" तर हे सरळ टीव्हीपाशी. नव्या मशीनची वायर काढून आपली जोडली आणि अण्णांना म्हणाले, "सरक तिकडं."

अण्णा सरकले. जणू सकाळीच भेटले असावेत तसं त्यांनी हात पुढे करून दुसरा रिमोट घेतला. रणगाड्यांच्या खेळात दोघांनी एकाच किल्ल्याचं रक्षण करायचं असतं. या दोघांनी शत्रूला सोडलं आणि एकमेकांवरच गोळ्या झाडल्या. किल्ला पडला. "तुझ्यामुळं पडला," अण्णा म्हणाले. "विहीरबी तुझ्यामुळंच आटली," सुभेदार म्हणाले. आत्याबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मीही गेले. चुलीपाशी आम्ही दोघी डोळे पुसत बसलो आणि बाहेर दोघांची खच्चून भांडणं चालली होती.

पुढे काही वर्षं हे असंच चाललं; मशीन काखेत जायचं आणि काखेतच परत यायचं. मग एका ऊसतोडणीच्या हंगामात अण्णा गेले. दिवस झाल्यावर पुतण्या नम्रपणे म्हणाला, "काका, ते नवं मशीन तुम्ही घ्या, अण्णांची आठवण म्हणून." सुभेदार त्याच्यावर खेकसले, "त्यात त्याचं काय हाय? ते समद्यांच्यात सारखंच भरल्यालं असतंय. त्याच्या नावाच्या कॅसेटी कुठं हायत्या, ते बोल." कॅसेटी आत्याबाईंच्या कपाटात होत्या.

पुढच्या रविवारी सुभेदारांनी मला हाक मारली. पिशवीत रणगाड्यांची कॅसेट होती. "जा. मोटारसायकलची घेऊन ये." मी गेले. आत्याबाईंना खेळ येत नव्हता. त्यांच्या घरातल्या मशीनला खाचही नव्हती. तरी त्यांनी कॅसेट घेतली, कपाटात ठेवली, अण्णांचं नाव कोरलेली काढून दिली आणि म्हणाल्या, "म्हणावं, लय उशीर केला ह्या खेपेला. अन थुकू नगा म्हणावं." निरोप ऐकून सुभेदारांनी कॅसेटीवरचं नाव बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "हिलाबी त्यानंच बिघडवली."

ते गेले तेव्हा मी रडले, आणि असल्या माणसासाठी रडावं लागतंय म्हणून त्यांच्यावर चिडलेही. घर शांत झालं. त्या शांततेची मी किती वर्षं वाट बघितली होती, आणि ती आल्यावर मला ती नको झाली.

दिवस झाल्यावर पहिल्याच रविवारी भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला. "आमची मोटारसायकल ऱ्हायलीया तुमच्याकडं. कवा देतीस?"

कॅसेट माझ्या हाताशीच होती. मी म्हटलं, "देणार नाही. पाहिजे असेल तर इकडे या आणि घेऊन जा."

त्या आल्या. चहा प्याल्या, सुभेदारांच्या नावानं चार शब्द बोलल्या, मीही बोलले. कॅसेट न घेताच गेल्या. त्या होत्या तोवर दर रविवारी ती मागायला येत राहिल्या, आणि मी दर रविवारी नाही म्हणत राहिले.